जकात कोणाला देता? अरबी वाळवंटातल्या सरहद्दींची गोष्ट

जकात म्हटलं की आपल्याला नाकाच आठवतो. शहराच्या वेशीवर ट्रकची रांग, खिडकीत पावतीपुस्तक घेऊन बसलेला कारकून आणि "माल काय आहे?" हा ठरलेला प्रश्न. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा बंद झाली, पण नाक्यांची नावं लोकांच्या तोंडी अजून आहेत. हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मुळात तो धर्माचा शब्द. इस्लामने सांगितलेल्या पाच मुख्य कर्तव्यांपैकी ते एक. ऐपत असलेल्या माणसाने आपल्या मालमत्तेतला ठरलेला वाटा गरजूंसाठी काढायचा. त्याचा हिशेब अगदी नेमका आहे. पाच उंट असले की वर्षाला एक शेळी. पावसावर वाढलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी काढून भरलेल्या बागेचा विसावा.

आता प्रश्न असा, की ती शेळी न्यायला येतं कोण? शेळी वाळवंटातल्या एखाद्या तंबूपाशी बांधलेली असते. ती घ्यायला शेखाचा नाहीतर अमीराचा माणूस येतो. ज्याच्या माणसाला तुम्ही शेळी देता, त्याला तुम्ही आपला मानता, असं तो शेख धरून चालतो. तुम्ही मात्र कदाचित धर्म म्हणून देता, कदाचित भीतीपोटी, कदाचित यंदा त्याच्या विहिरीवर उंटांना पाणी पाजायचं असतं म्हणून. एका शेळीचे असे चार अर्थ निघतात, आणि विसाव्या शतकात या चार अर्थांवरून राजे, तेल कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय लवाद एकमेकांशी भांडले.

आखाती देशांच्या आजच्या नकाशावरच्या रेघा सरळसोट दिसतात. त्या पाहून वाटतं, कोणी तरी पट्टी ठेवून मारल्या. काही खरंच तशा मारल्या गेल्या. पण कितीतरी रेघांच्या मागे हाच प्रश्न आहे: तुम्ही कोणाचे? तो नीट समजला तर शेजारी शेजारी नांदणारे, अनेकदा एकाच रक्ताचे अरब राज्यकर्ते दोन-दोनशे वर्षं कशावरून भांडत होते ते कळतं.

जमीन नव्हे, माणसं

जिथे वर्षाला जेमतेम दहा सेंटीमीटर पाऊस पडतो, आणि तोही यंदा इथे तर पुढच्या वर्षी शंभर मैलांवर, तिथे सात-बाराला काय अर्थ? गवत जिथे उगवेल तिथे कळप न्यायचे. प्रत्येक कबिल्याचा फिरण्याचा एक पट्टा ठरलेला असे, त्याला 'दीरा' म्हणतात. त्यातल्या विहिरी त्या कबिल्याच्या. पण दोन कबिल्यांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असत. दुष्काळात पाहुण्याला पाणी नाकारायचं नाही हा रिवाज, आणि सुगी आली की एकमेकांचे उंट पळवायचे हाही रिवाजच.

अशा मुलखात राज्यकर्त्याची ताकद चौरस मैलांत मोजता येत नाही. हाक दिली तर किती बंदुका उभ्या राहतील, यावर ती मोजतात. शेखाला लोक 'बैअत' देतात, म्हणजे हातात हात देऊन निष्ठेची शपथ घेतात. बदल्यात शेखाने काय करायचं? भांडण झालं तर निवाडा करायचा, खून झाला तर रक्ताची भरपाई ठरवून द्यायची, आलेल्याला जेवू घालायचं, वाटखर्चाला पैसे द्यायचे आणि बाहेरच्या हल्ल्यापासून राखायचं. यात तो कमी पडला तर? तर लोक बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातात. शेखाच्या राज्याची हद्द त्या दिवशी तेवढ्याने आखडते.

हे नुसतं तत्त्व नाही. आजचं दुबई याच रिवाजातून उभं राहिलं. १८३३ मध्ये अबू धाबीत सत्तेवरून भावाने भावाचा खून केला. तिथल्या बनी यास या मोठ्या कबिल्यातली अल बू फलासा ही शाखा त्यावर नाराज होऊन निघाली. सुमारे ८०० माणसं मक्तूम बिन बुत्ती यांच्याबरोबर किनाऱ्याने वर गेली आणि दुबईच्या खाडीकाठी वसली. दुबईचं आजचं राजघराणं त्याच मक्तूमांचं. अबू धाबीच्या शेखाच्या दृष्टीने ही फितुरी होती, गेलेल्यांच्या दृष्टीने तो त्यांचा हक्क होता.

याच बनी यासची दुसरी एक शाखा, कुबैसात, एकोणिसाव्या शतकात अबू धाबी सोडून पुन्हा पुन्हा खोर अल उदैद नावाच्या खाडीवर जाऊन राहिली. ही खाडी आजच्या कतारच्या सीमेला लागून आहे. तिथे गेलं की हे लोक म्हणत, आम्ही अबू धाबीचे नाही. शेख म्हणे, माणसं माझी, म्हणून खाडीही माझी. कतारकडचे म्हणत, ती आमच्या बाजूला आहे. तुर्कांनाही त्यात रस होता. काही कुटुंबांचं रुसून जाणं, एवढ्याशा गोष्टीतून चार सत्तांचा वाद उभा राहिला, आणि त्या खाडीचं नाव आपल्याला पुढे थेट १९७४ मध्ये पुन्हा भेटणार आहे.

मराठी वाचकाला हे समजायला फार जड जाऊ नये. चौथाई आणि सरदेशमुखीचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. एकाच गावाने मोगलांनाही भरणा करायचा आणि मराठ्यांनाही, हे दख्खनने पाहिलं आहे. अशा गावावर 'राज्य' कोणाचं, याला एका शब्दात उत्तर नव्हतं, आणि गावाला त्याची गरजही नव्हती.

रेघ कोणाला हवी होती?

या मुलखात ब्रिटिश आले ते समुद्रावरून, आणि आले मुंबईहून. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या आरमाराने रास अल खैमा घेतलं आणि १८२० च्या जानेवारीत किनाऱ्यावरच्या शेखांशी पहिला मोठा तह झाला. आखातातल्या ब्रिटिश रेसिडेंटचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश सरकारच्या मुख्य प्रतिनिधीचा, कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. नंतर तो कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारकडे गेला, पण रुपया चालत राहिला, मोती मुंबईच्या बाजारात येत राहिले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, म्हणजे बघा हा धागा किती लांब चालला.

मुंबई सरकारला काळजी होती ती जहाजांची. समुद्रावर तंटा नको, एवढंच त्यांचं म्हणणं. किनाऱ्याच्या मागे वाळूत कोण कोणाला जकात देतो, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. म्हणून शंभर वर्षं आतल्या भागात कोणी रेघ ओढली नाही.

चित्र पालटलं ते तेलाने. बहरीनमध्ये १९३२ साली तेल लागलं. कतारच्या शेखाने १९३५ मध्ये तेल कंपनीला करार दिला, अबू धाबीने १९३९ मध्ये. आणि कंपनीच्या माणसाने शेखाला असा प्रश्न विचारला जो आजवर कोणी विचारला नव्हता: तुमची जमीन नेमकी कुठे संपते?

शेखापाशी कागद नव्हते, खांब नव्हते. पुरावा होता तो माणसांचा. अमुक विहिरीवरचे लोक माझे, त्यांच्या आजोबाने माझ्या आजोबाला शपथ दिली, त्यांची जकात मी घेतो. म्हणजे 'तुम्ही कोणाचे?' या प्रश्नाचं उत्तर 'ही जमीन कोणाची?' या वेगळ्याच प्रश्नाला जोडलं गेलं. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतं, आज हो आणि परवा नाही असू शकतं, एकाच वेळी दोघांना हो असू शकतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एकच, कायमचं उत्तर लागतं.

उत्तरेकडे हा पेच त्याआधीच दिसला होता. पहिल्या महायुद्धानंतर इराक ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आला आणि शेजारी नज्दमध्ये, म्हणजे अरबस्तानच्या मधल्या भागात, पुढे सौदी अरेबियाचे राजे झालेल्या अब्दुल अझीझ इब्न सऊद यांचा जोर वाढत होता. ५ मे १९२२ च्या मुहम्मरा तहात गंमत अशी, की आधी जमीन वाटलीच नाही, कबिले वाटले. मुन्तफिक, झफीर आणि अनझा कबिल्याची अमारात शाखा इराकची, शम्मरपैकी नज्दचे ते नज्दचे. रेघ नंतर या वाटणीवरून ठरवायची होती. इब्न सऊद यांना ही वाटणी पटली नाही. मग त्याच वर्षीच्या अखेरीस उकैरला बैठक झाली आणि ब्रिटिश प्रतिनिधी सर पर्सी कॉक्स यांनी नकाशावर लाल पेन्सिलने रेघ ओढली. फिरणाऱ्या कबिल्यांची अडचण सोडवायला दोन चौकोनी पट्टे 'तटस्थ' म्हणून मोकळे ठेवले, जिथे दोन्हीकडच्यांनी कळप न्यावेत. इब्न सऊद यांना रेघ नकोच होती. त्यांचं म्हणणं, कबिला जिथवर फिरतो तिथवर त्याच्या राजाचं राज्य. ज्या राजाचे लोक लांबवर फिरतात, त्याला हा नियम सोयीचा हे उघड आहे. तरीही त्या वाळवंटाच्या जुन्या रीतीला धरूनच ते बोलत होते.

बुरैमी: नऊ गावं, तीन दावेदार

आता जिथे हे सगळं एकत्र आलं त्या जागी जाऊ. अबू धाबी शहरापासून आत, ओमानच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जबल हफीत नावाच्या एकाकी डोंगराशेजारी एक मोठं मरुद्यान आहे. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या पाटांनी इथवर येतं. त्या पाटाला तिथे 'फलज' म्हणतात. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. पाण्यावर खजुराच्या बागा, बागांभोवती मातीच्या भिंती, आणि अशी नऊ गावं. ओमान, अबू धाबी आणि नज्द यांच्या वाटा इथे मिळतात. ज्याच्या हाती बुरैमी, त्याच्या हाती मागचा सगळा मुलूख, असं जुने जाणते म्हणत.

या नऊ गावांत राहायचं कोण? झवाहिर कबिला, जो साधारणपणे अबू धाबीच्या शेखाला मानी. नईम कबिला आणि त्यातून निघालेली अल बू शामिस शाखा, जी नावाला मस्कतच्या, म्हणजे किनारी ओमानच्या, सुलतानाची आणि प्रत्यक्षात स्वतःच्या मर्जीची मालक. आजूबाजूला फिरणारे मनासिर आणि अवामिर. गावं इतकी जवळ, की एका गावच्या बागेतून दुसऱ्या गावची माणसं दिसत.

सऊद घराण्याचं सैन्य इथे पहिल्यांदा आलं ते १८०० च्या सुमारास. नंतर कधी त्यांचा तळ असे, कधी नसे. १८६९ मध्ये ओमानचे इमाम अझ्झान बिन कैस यांनी नईमच्या मदतीने त्यांना बाहेर काढलं, आणि त्यानंतर ऐंशी वर्षं तिथे सौदी तळ नव्हता. अधूनमधून पूर्व प्रांताच्या सौदी सुभेदाराचे जकात घेणारे मात्र या बाजूला येऊन जात.

१९४९ मध्ये सौदी अरेबियाने एकदम बराच मोठा मुलूख मागितला, त्यात बुरैमी होतं. मागे अरामको ही अमेरिकी तेल कंपनी होती, समोर अबू धाबी आणि ओमानच्या बाजूने ब्रिटन आणि ब्रिटनच्या कंपन्या. दोन वर्षं बोलणी झाली, निष्पन्न काही झालं नाही. मग ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रास तनुराचे अमीर तुर्की बिन उतैशान मूठभर शस्त्रधारी माणसं घेऊन वाळवंट ओलांडून आले आणि नऊपैकी हमासा या गावात उतरले. हमासा अल बू शामिसचं. त्यांचे शेख रशीद बिन हमद यांनी त्यांना ठेवून घेतलं.

तुर्की बिन उतैशान यांनी गोळी झाडली नाही. त्यांनी मेजवान्या दिल्या. ईद आलेली होती, मोठमोठ्या परातींत भात आणि मांस शिजत होतं, कापड वाटलं जात होतं, पैसे वाटले जात होते. आलेला शेख जेवायचा, भेट घ्यायचा आणि सौदी राजाला मानत असल्याच्या कागदावर शिक्का उठवायचा. ब्रिटिशांनी याला सरळ लाच म्हटलं. मला हे तितकं सरळ वाटत नाही. त्या मुलखात जेवू घालणं हेच तर राज्य करणं होतं. अबू धाबीचा शेख हेच करत आला होता, मस्कतच्या सुलतानाकडून हीच अपेक्षा होती. फरक एवढाच, की यावेळी यजमानाच्या हातात तेलाचा पैसा होता, आणि शिक्का उठलेला कागद पुढे वकिलांच्या फायलीत जाणार होता. जेवणाऱ्याला जेवणाचा अर्थ माहीत होता. त्या कागदाचा अर्थ त्याला कितपत माहीत होता, हा प्रश्न मला सतावतो.

मस्कतचे सुलतान सईद बिन तैमूर यांनी सोहारला हजारो कबिलेवाले गोळा केले. आतल्या डोंगरी ओमानचे इमाम, ज्यांचं सुलतानाशी सख्य नव्हतं, तेही यात त्यांच्या बाजूने आले. हल्ला होणार, एवढ्यात अमेरिकेने मध्यस्थी केली आणि ब्रिटिशांनी सुलतानाला थांबवलं. २६ ऑक्टोबर १९५२ ला 'जैसे थे' करार झाला. पुढे ३० जुलै १९५४ रोजी जेद्दाला ठरलं की पाच जणांचा लवाद निकाल देईल.

त्या करारात लवादाने काय काय पाहावं हे लिहिलेलं आहे. त्यात इतिहास आहे, प्रत्यक्ष कारभार कोणी केला हे आहे, आणि सोबत रहिवाशांची परंपरागत निष्ठा, कबिल्यांची रचना आणि त्यांची जगण्याची पद्धत हेही आहे. कायद्याने पहिल्यांदाच वाळवंटाचा प्रश्न वाळवंटाच्या भाषेत लिहून घेतला. दोन्ही बाजूंनी जाडजूड ग्रंथ तयार केले. सौदींनी जकातीच्या नोंदी मांडल्या: या कबिल्याच्या या माणसाने या वर्षी इतकी जकात दिली, म्हणजे तो आमची प्रजा. ब्रिटिश बाजूचं उत्तर असं, की हे देणं तुटक आहे, काही शाखांचंच आहे, आमच्यावर धाड घालू नका म्हणूनही लोक असं देतात, आणि जकात दिली म्हणजे मुलूख दिला असं होत नाही.

कल्पना करा त्या कळपवाल्याची. वीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी कोणाला तरी चार शेळ्या दिल्या. त्या चार शेळ्या आता जिनिव्हात छापील पानावर उभ्या आहेत, आणि त्यांच्यावरून तो कोणत्या देशाचा हे ठरणार आहे.

ठरलं मात्र काहीच नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये जिनिव्हात सुनावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच ब्रिटिश सदस्य सर रीडर बुलार्ड यांनी राजीनामा दिला. सौदी बाजू साक्षीदारांना आणि शेखांना पैसे चारते आहे, असा ब्रिटनचा आरोप होता. अबू धाबीच्या शेखांचे भाऊ झायद बिन सुलतान तेव्हा याच मरुद्यानातल्या अल ऐनला राहून या भागाचा कारभार पाहत. त्यांना फार मोठी रक्कम देऊ केल्याचं आणि त्यांनी ती नाकारल्याचं तेव्हा पुढे आलं. लवाद मोडला. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या ट्रुशल ओमान लेव्हीज या पथकाने हमासा घेतलं आणि सौदी तुकडीला विमानाने बाहेर पाठवलं. सौदींची बाजू घेतलेल्या शेखांना मुलूख सोडावा लागला, ते सौदीत जाऊन राहिले.

नऊ गावांपैकी सहा अबू धाबीकडे राहिली, तीच आजचं अल ऐन शहर. बुरैमी, हमासा आणि साआरा ही तीन ओमानकडे. रेघ बागांमधून गेली, पण कितीतरी वर्षं ती कोणाला जाणवली नाही. अल ऐनला नोकरी करणारी आपली माणसंही भाजी आणायला सहज बुरैमीत जाऊन येत. २००० नंतरच्या दशकात तिथे कुंपण आलं, चौक्या आल्या.

गोधडीसारखा नकाशा

बुरैमीचा धडा ब्रिटिशांनी घेतला आणि १९५० च्या दशकात ज्युलियन वॉकर नावाच्या तरुण अधिकाऱ्याला किनाऱ्यावरच्या सात शेखांच्या हद्दी ठरवायला पाठवलं. ते गावोगाव, वाडीवाडीवर गेले. प्रश्न तेच: तुम्ही कोणाला मानता, जकात कोणाला देता, तंटा झाला तर निवाड्याला कोणाकडे जाता? उत्तरांवरून जो नकाशा झाला तो आजही संयुक्त अरब अमिरातीत पाहायला मिळतो. शारजाचे तुकडे पूर्व किनाऱ्यावर, अजमानचे डोंगरात, दिब्बा नावाच्या एका बंदराचे तीन भाग: एक शारजाचा, एक फुजैराचा, एक ओमानचा. जुन्या कपड्यांच्या चिंध्या जोडून गोधडी शिवावी तसा हा देश शिवलेला आहे.

त्यातला सगळ्यात देखणा टाका म्हणजे मदहा. खोर फक्कानच्या बाजूने डोंगरात शिरलं की चहूबाजूंनी अमिरातीने वेढलेला ओमानचा एक तुकडा लागतो, सुमारे ७५ चौरस किलोमीटरचा. तिथल्या वडीलधाऱ्यांनी शेजारच्या शेखांऐवजी लांबच्या मस्कतच्या सुलतानाला आपलं मानलं, तो आपलं पाणी नीट राखेल म्हणून, असं सांगतात. आणि या मदहाच्या पोटात आणखी एक छोटं गाव आहे, नहवा. ते म्हणाले, आम्ही शारजाचे. तर ते शारजाचं, म्हणजे पुन्हा अमिरातीचं. रस्त्याने अर्ध्या तासात अमिरात, ओमान, अमिरात, ओमान असा प्रवास होतो आणि कोणी पासपोर्ट मागत नाही, मोबाइलचं नेटवर्क तेवढं बदलतं. एखाद्या गावाला खरोखर विचारलं गेलं आणि त्याने दिलेलं उत्तर तसंच नकाशावर उतरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सगळीकडे असं गोडीने झालं नाही. दुबई आणि अबू धाबी १९४५ ते १९४८ हद्दीवरून लढले. शेवटी फेब्रुवारी १९६८ मध्ये अबू धाबीचे झायद आणि दुबईचे शेख रशीद वाळवंटात एका तंबूत भेटले, हद्दीचा तंटा मिटवला आणि त्याच बैठकीत एकत्र येण्याचं ठरवलं. त्यातून १९७१ मध्ये नवा देश जन्मला.

कोर्टाने काय म्हटलं

मग कायदा शेवटी काय मानतो? निष्ठा म्हणजे मालकी का?

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर आखाताबाहेरून आलं. पश्चिम सहारावर मोरोक्को आणि मॉरिटानिया यांचा दावा होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ च्या मतात म्हटलं, की मोरोक्कोचे सुलतान आणि तिथले काही कबिले यांच्यात निष्ठेचे बंध होते हे खरं. पण तेवढ्याने त्या भूमीवरचं सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. म्हणजे न्यायालयाने दोन्ही प्रश्न शेवटी वेगळे केले.

आखातात ही कसोटी लागली ती बहरीन आणि कतारच्या वादात. कतारच्या वायव्य किनाऱ्यावर झुबारा नावाचं ओसाड शहर आहे, आज ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. एकेकाळी मोत्यांच्या व्यापाराने गजबजलेलं हे बंदर अल खलिफा घराण्याने वसवलं. १७८३ मध्ये याच घराण्याने बहरीन जिंकलं आणि तिकडे बस्तान हलवलं. पण झुबारा त्यांच्या मनातून गेलं नाही. आपलं मूळ गाव, पूर्वजांच्या कबरी तिथे. तिथे राहणारे नईम कबिल्यातले काही लोक अजून आम्हालाच मानतात, म्हणून झुबारा आमचं, असं बहरीन म्हणत राहिलं. १९३७ मध्ये कतारच्या अल थानी शेखांनी त्या लोकांवर सैन्य पाठवलं. माणसं मेली, कितीतरी कुटुंबं बहरीनला निघून गेली. खुद्द नईममध्येही फूट होती, सगळे एका बाजूला नव्हते.

जवळच्याच हवार बेटांवर उलट परिस्थिती. ती कतारच्या किनाऱ्याला अगदी खेटून, पण तिथे बहरीनहून दवासिर कबिल्याचे कोळी हंगामात येऊन राहत, आणि त्यांचे तंटे बहरीनच्या काझीकडे जात. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी बेटं बहरीनला दिली. कतारने ते कधी मनापासून मान्य केलं नाही. १९९१ मध्ये प्रकरण हेगला गेलं. मध्येच बहरीनने दाखवून दिलं की कतारने दिलेले ८२ कागद बनावट आहेत, आणि कतारला ते बाजूला ठेवावे लागले. जिथे शिक्का उठवलेल्या कागदाला एवढं मोल आलं, तिथे शिक्केही बनावट निघू लागले.

१६ मार्च २००१ ला निकाल लागला. झुबारा कतारचं, न्यायाधीशांत दुमत नाही. हवार बहरीनची, १२ विरुद्ध ५ मतांनी, आणि मुख्य आधार १९३९ चा तो ब्रिटिश निर्णय. झुबारात नईमच्या निष्ठेने बहरीनला जमीन मिळाली नाही. हवारला दवासिरांच्या येण्याजाण्यापेक्षा एका रेसिडेंटच्या पत्राने काम केलं. दोन्ही देशांनी निकाल मान्य केला, आणि हे त्या भागात साधं नाही.

माणसांचं पुढे काय झालं

बुरैमीचा शेवटचा हिशेब २१ ऑगस्ट १९७४ ला जेद्दात झाला. सौदीने अल ऐन आणि आसपासच्या गावांवरचा दावा सोडला. बदल्यात त्यांना शैबा तेलक्षेत्राचा मुलूख मिळाला, आणि समुद्राकडे जाणारी एक चिंचोळी पट्टी मिळाली. ती पट्टी खोर अल उदैदची, जिथे कुबैसात रुसून जाऊन राहत. म्हणून आज अमिरात आणि कतार यांची जमिनीवरची सीमा एकमेकांना लागत नाही, मध्ये सौदी आहे.

जमिनीचे वाद असे एकेक करून मिटले. माणसांचे मिटले नाहीत. ज्यांचे कळप चार देशांत फिरत, त्यांच्या नातवंडांना आता एकच पासपोर्ट बाळगायचा आहे, आणि कुठलाही देश त्यांना विचारू शकतो: तुमचे आजोबा कुठे होते? अल मुर्रा हा अशांपैकी मोठा कबिला. सौदीच्या पूर्व भागापासून कतारपर्यंत त्यांचा पट्टा. त्यातल्या गुफरान शाखेच्या हजारो लोकांचं कतारी नागरिकत्व २००५ च्या सुमारास काढून घेतलं गेलं. २०२१ मध्ये कतारने शूरा परिषदेची, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाची, पहिली निवडणूक घेतली, तेव्हा उमेदवारीसाठी घराणं १९३० च्या आधीपासून कतारमध्ये असल्याचं दाखवावं लागत होतं. मुर्रांपैकी अनेक जण त्यामुळे बाहेर राहिले आणि रस्त्यावर उतरले. १९३० साली त्यांचे आजोबा पावसामागे फिरत होते. ते कोणत्या देशात होते हे त्यांना कोणी तेव्हा विचारलंच नव्हतं.

जून २०१७ मध्ये सौदी आणि कतारचे संबंध तुटले, सीमा बंद झाली. कतारच्या पशुपालकांचे हजारो उंट तेव्हा नेहमीप्रमाणे सौदीच्या कुरणांत चरत होते. त्यांना परत हाकललं गेलं. ऐन उन्हाळ्यात ते कळप सलवाच्या नाक्यावर अडकले, पाण्यावाचून काही जनावरं मेली. कतार सरकारने सीमेच्या आपल्या बाजूला पाण्याच्या टाक्या आणि चारा पाठवला, आणि कळपवाले उंटांच्या अंगावर डागलेल्या खुणा पाहून आपापली जनावरं ओळखून वेगळी काढत राहिले.